खालून दुसरी ओळ

आपल्याकडे सर्वांत जास्त लोकांनी मोठ्यानं वाचलेला मजकूर कुठला, असं कुणी विचारलं तर मी पैज लावून सांगेन, डोळे तपासायचा तक्ता. आरत्या म्हटल्या जातात, वाचत कुणी नाही. पोथी एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. तक्ता मात्र ज्याचा त्यानं वाचायचा, एकेका डोळ्यानं, अनोळखी माणसासमोर, आणि वाचता येईनासं होईपर्यंत. पुस्तक आपण कंटाळून मिटतो, झोप आली म्हणून मिटतो. हा एकच मजकूर असा की तो हार मानेस्तोवर वाचावा लागतो, आणि कुठल्या ओळीत हार मानली ते कागदावर लिहून ठेवलं जातं.

त्याच्याकडे मी नीट पाहिलं ते सडक अर्जुनीला, मामीला घेऊन गेलो तेव्हा. गोंदिया जिल्ह्यात अर्जुन्या दोन. एक मोरगावला जोडलेली, दुसरी ही सडकेवरची. नागपूरहून रायपूरला जाणारा महामार्ग हिच्या अंगावरून जातो. मामीचं गाव तिथून बरंच आत, धानाच्या बांध्यांमध्ये. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटक चालतं, आणि मामीनं उभ्या आयुष्यात मंडईचं नाटक चुकवलेलं नाही. त्या वर्षी मात्र ती पहिल्या अंकालाच उठून घरी आली. "नट दिसतेत, तोंडच नाई दिसत," म्हणाली. "अन् लाइटाले तं काटेच फुटलेत."

दिव्याला काटे फुटणं. मोतीबिंदूनं डोळ्यातलं भिंग गढूळलं की समोरून येणारा उजेड आत विखुरतो, दिव्याभोवती चकाकी पसरते, रात्री जास्तच. डॉक्टरी पुस्तकांत हे लक्षण मी पुढे वाचलं, पण मामीच्या दोन शब्दांची सर त्याला नाही.

तपासणीची खोली लांबीला जेमतेम साडेचार मीटर. तक्त्याला सहा लागतात. म्हणून रुग्णाची खुर्ची दाराबाहेर व्हरांड्यात आणि तक्ता आत, समोरच्या भिंतीवर. जिथं व्हरांड्याचीही सोय नसते तिथं आरसा लावतात. उलट्या अक्षरांत छापलेला तक्ता वाचणाऱ्याच्या डोक्यामागे टांगलेला असतो आणि तीन मीटरवरच्या आरशात तो सुलटा दिसतो. जाऊन तीन, येऊन तीन, झाले सहा. मजकूर पाठीमागे आणि वाचक समोर बघतोय, ही रचना मला फार आवडते. पण मामीच्या वाट्याला व्हरांडा आला होता आणि व्हरांड्यात रांग होती. दहा-बाराजण बाकावर बसून ऐकत होते. म्हणजे वाचन जाहीरच.

आत छडी घेऊन एक गृहस्थ उभे होते. अख्खा तालुका त्यांना डोळ्याचे डॉक्टर म्हणतो; "मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे" हे सांगून सांगून ते थकलेत. आता हाक आली की ओ देतात.

तर तक्ता. पांढऱ्यावर काळी अक्षरं, वरून खाली आठ ओळी. सर्वांत वर एकच अक्षर, तळहाताच्या रुंदीएवढं. खाली दोन, त्याखाली तीन, आणि उतरत उतरत करंगळीच्या नखाएवढी. कडेला आकडे: ६०, ३६, २४, १८, १२, ९, ६, ५. हे आकडे म्हणजे ओळीचा नंबर नव्हे, अंतर. निरोगी डोळ्याला ती ओळ जितक्या मीटरवरून वाचता यावी तितका आकडा. मग ६/६० याचा अर्थ असा की ज्याला नीट दिसतं तो साठ मीटर लांब उभा राहून जे वाचेल ते वाचायला या माणसाला सहा मीटरवर यावं लागतं. अपूर्णांकाच्या वर तुमची जागा, खाली इतरांची. शाळेत अपूर्णांक शिकवताना कुणी हे उदाहरण दिलं असतं तर गणित आवडलं असतं.

हे गणित हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याचं. उट्रेख्त शहरात त्यानं १८६२ साली आपला तक्ता प्रसिद्ध केला. त्याच्या कारागिरीचं मर्म एका छोट्या कोनात आहे. वर्तुळाचे तीनशेसाठ अंश, एका अंशाचे साठ भाग केले की एक कला. दोन रेघांमधली फट डोळ्यापाशी एवढा एक कलेचा कोन करत असेल तर डोळ्याला त्या रेघा दोन दिसाव्यात, त्याहून कमी असेल तर एकच दिसली तरी चालेल, असं मानून स्नेलेननं पाच घरं उभी आणि पाच घरं आडवी अशा चौकटीत अक्षरं बसवली. रेघ एका घराची, रेघांमधली मोकळी जागाही एका घराची. सहाच्या ओळीतलं अक्षर सहा मीटरवरून पाच कलांचं दिसतं, म्हणून ते पावणेनऊ मिलिमीटर. साठच्या ओळीतलं याच्या दहापट. तक्त्यात डोळ्याला बरं वाटावं म्हणून काहीच काढलेलं नाही. प्रत्येक अक्षराची उंची त्याच्या अंतरानं ठरवलेली आहे, आणि तरी तो दिसायला देखणा आहे. वर भारदस्त, खाली नाजूक. भिंतीवर टांगलेल्या गोष्टींत इतकं कडक शिस्तीचं काही मी क्वचितच पाहिलंय.

स्नेलेनच्या आधी, १८५४ मध्ये, व्हिएन्नाच्या एडुअर्ड यागरनं वाचनासाठी उताऱ्यांचे नमुने छापले होते, लहान लहान होत जाणाऱ्या ठशांत. त्यात वाक्यं होती. वाक्य म्हटलं की अर्थ आला, आणि अर्थ आला की अंदाज आला. अर्धं वाक्य दिसलं तरी माणूस पुरं करतो. स्नेलेनच्या तक्त्यानं अर्थ काढून टाकला. अक्षर शेजारच्या अक्षराची काहीही चहाडी करत नाही. जे दिसलं तेवढंच सांगायचं.

रोमन लिपीत हे तसं सोपं. एफ, पी, झेड अशी व्यंजनं ओळीनं मांडली तर तोंडाला काही लागत नाही. आपल्या लिपीची गोष्ट वेगळी. इथं प्रत्येक व्यंजनाच्या पोटात अ बसलेला. कुठलीही दोन अक्षरं शेजारी ठेवा, शब्द तयार: मन, घर, नख, जग. तीन ठेवा: नगर, पदर, मगर, गरम. देवनागरी तक्ता जुळवणाऱ्याचे निम्मे कष्ट शब्द होऊ न देण्यातच जात असणार. कवीच्या बरोबर उलटा धंदा.

आणि तरी शब्द होतात. मामीच्या समोरच्या तक्त्यात तिसरी ओळ होती ट, न, थ. मामी चौथी शिकलेली. डावा डोळा तळव्यानं झाकून (बोटांनी नाही, बोटांच्या फटीतून लोक बघतात, हे छडीवाल्यांनी आधीच बजावलेलं) तिनं वरचं अक्षर सांगितलं, दुसरी ओळ सांगितली, तिसऱ्या ओळीशी आली आणि खुशीत म्हणाली, "ट. अन् मंग नथ."

"आजी, एकेक अक्षर सांगा."

"नथच हाये ते."

रांगेतली एक बाई हसली. छडीवाले हसले नाहीत. त्यांनी छडी उलट्या बाजूनं, शेवटच्या अक्षरावर ठेवली. पुढे काही नाही, मागे काही सांगू देणार नाहीत. "हे कोणतं?"

मामीनं मान पुढे काढली. "य."

म्हणजे थ तिला दिसलाच नव्हता. न दिसला आणि नथ आठवली. बायकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांनी नाकात घातलेला दागिना तिच्या डोळ्याच्या मदतीला धावून आला होता, आणि छडीवाल्यांनी तो अलगद उतरवून ठेवला. त्यांनी कागदावर लिहिलं: ६/२४ पी. पी म्हणजे पार्शल, अर्धवट. समीक्षेत मी इतका काटेकोर शेरा वाचलेला नाही.

थ आणि य यांच्यात फरक किती? डाव्या शेंड्याची एक गाठ, आणि त्या गाठीपाशी तुटलेली शिरोरेघ. भ आणि म यांच्यात तेच, ध आणि घ यांच्यात तेच. धानाच्या मुलखात ध सारखं अक्षर एका गाठीवर तोललेलं असावं, हे मला तिथं बसल्याबसल्या जाणवलं. देवनागरीची बरीचशी अक्षरं डोक्यावर सारखीच रेघ घेऊन आणि उजवीकडे सारखाच दंड टेकून उभी असतात: न, त, ग, म, प, व. ओळख पटवणारं जे काही आहे ते दंडाच्या डावीकडे, रेघेच्या खाली, चौकटीच्या जेमतेम निम्म्या जागेत. ट, ठ, ड, द यांना दंड नाही, त्यांचा गोलावा लांबूनही कळतो. म्हणजे एकाच ओळीत एक अक्षर सोपं आणि दुसरं अवघड. स्नेलेनच्या चौकटीला हे चालणारं नव्हे. तिथं एका ओळीतली सगळी अक्षरं सारखीच कठीण असावी लागतात. आपल्या लिपीसाठी हा हिशेब नव्यानं मांडावा लागला. १९९६ मध्ये इंडियन जर्नल ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीत हिंदी आणि गुजरातीसाठी नव्यानं प्रमाणित केलेले तक्ते आले. गुजराती लिपीनं शिरोरेघ कधीच सोडून दिलेली, त्यामुळे दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहायला मजा येते. त्या दृष्टीनं भिंतीवरचा जुना तक्ता कच्चा, हे मान्य. पण त्याच्यापाशी छडी घेऊन उभा राहणारा पक्का असला की बरंच भागतं.

त्याचा पुरावा पुढच्याच वाचकानं दिला. पस्तिशीचा, ट्रॅक्टर चालवणारा. सरसर खाली आला आणि नऊच्या ओळीत ण ला "न" म्हणाला, त्याच्यापुढच्या श ला "स" म्हणाला. छडी थांबली नाही. मला वाटलं त्यांचं लक्ष नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, "डोळ्यानं बरोबरच वाचलं त्यानं. जीभ झाडीची आहे." झाडीबोलीत ण चा न होतो, श चा स, ळ चा र. डोळ्याला इथं डोरा म्हणतात. पुण्याहून नवीन आलेल्या तपासणाऱ्यानं ती दोन अक्षरं चुकीची धरली असती, आणि ट्रॅक्टरवाल्याला बोलीपायी नंबर लागला असता. वर जिल्ह्यात पोवारी आहे, गोंडी आहे, हलबी आहे, पलीकडे बालाघाट आणि छत्तीसगडची हिंदी. व्हरांड्यातल्या बाकावर चार भाषा बसलेल्या असतात आणि समोर अक्षरं एकाच लिपीची. कुठली चूक डोळ्याची आणि कुठली तोंडाची, हे ऐकणाऱ्याला कळावं लागतं. रसिक श्रोता म्हणतात तो हाच, माझ्या मते.

ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी बाजूला दुसरा तक्ता. त्यात सगळीकडे रोमन ई, कुठं उजवीकडे तोंड केलेला, कुठं डावीकडे, वर, खाली. लोक त्याला ई म्हणत नाहीत. "कंगव्याचे दात कुणीकडं आहेत?" असं विचारायचं आणि समोरच्यानं हाताची तीन बोटं त्या दिशेला धरायची. आकारानं तो अक्षरांच्या तक्त्याइतकाच शुद्ध, किंबहुना जास्तच, कारण एकच चिन्ह. त्याहून शुद्ध म्हणजे लांडोल्टचं कडं, १८८८ सालचं: एक वर्तुळ, त्याला एक फट, फट कुठं आहे ते सांगा. पण कंगव्यात अंदाजाला चारांत एक वाव मिळतो. अक्षरांत तो फार कमी. शिवाय, का कोण जाणे, कंगवा दाखवताना माणसं ओशाळतात. त्या सकाळी एक म्हातारे बोटं धरताना सारखे बाकाकडे बघत होते. अक्षर वाचणाऱ्याला एखादं चुकलं तरी वाचल्याचा तोरा असतो.

मग चौकट आली. गोल, काळी, जड, नाकावर घसरणारी. तिच्यात भिंगं टाकायची आणि काढायची. "हे बरं, की हे?" टक. "आता? आधीचं बरं होतं, की आताचं?" मला हा प्रश्न ऐकताना नेहमी वाटतं की आस्वादाचं शास्त्र इतकंच असावं. का बरं, ते विचारत नाहीत. कुणाशी तुलना, ते विचारत नाहीत. दोन अनुभव लागोपाठ, आणि तुमचा कौल. "दोन्ही सारखंच" हेसुद्धा उत्तर आहे, आणि बहुतेक वेळा तेच शेवटचं असतं: फरक कळेनासा झाला म्हणजे नंबर सापडला. मध्येच काळी चकती येते, मधोमध टाचणीएवढं भोक. भोकातून बघून ओळ सुधारली तर दोष भिंगानं भागण्यासारखा, नाही सुधारली तर आत काहीतरी आहे. शाळेत मागच्या बाकावरची पोरं डोळे किलकिले करून फळा वाचतात ती हीच युक्ती, कुणी न शिकवता.

मामीचा उजवा डोळा चकतीनंही फारसा सुधारला नाही. डावा तर तक्त्यापर्यंत पोचलाच नाही.

आणि इथं मला कळलं की तक्ता दिसतो तेवढाच नाही. त्याच्या वर, छापलेल्या पहिल्या अक्षराच्याही वर, न छापलेल्या ओळी आहेत. सहा मीटरवरून पहिलं अक्षर दिसलं नाही तर रुग्णाला उठवून पुढे आणतात. पाच मीटर, चार, तीन. अक्षर तेच, माणूस चालत जवळ येतो. ५/६०, ४/६०, ३/६०. या पावलांना सरकारदरबारी वजन आहे. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि २०१७ पर्यंत त्याच्या व्याख्येत, दोहोंतल्या बऱ्या डोळ्याला ६/६० सुद्धा न दिसणारा तो अंध. त्या वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाशी जुळवून घेताना ती ३/६० झाली. तीन पावलांच्या फरकानं देशातली अंधांची संख्या कागदावर उतरली. तक्ता जागचा हलला नाही.

मामी एक मीटरवर आली तरी डाव्या डोळ्याला अक्षर नाही. मग छडी बाजूला ठेवून त्यांनी बोटं धरली. "किती?" नाही. हात हलवला. "काय हालते?" "काईतरी हालते." ही पुढची ओळ: हाताची हालचाल. त्यापुढे फक्त एक उरते. खोलीचं दार लोटलं, बॅटरी पेटवली, उजवा डोळा गच्च झाकला आणि डाव्यावर उजेड टाकला.

"दिसते?"

"उजेड हाये."

"कुठून येते?"

"वरतून." मग, "खालून." मग कानाच्या बाजूनं, मग नाकाच्या. चारही वेळा बरोबर. कागदावर पडलं: पीएल, म्हणजे उजेडाची जाणीव, आहे; पीआर, म्हणजे उजेडाच्या दिशेची ओळख, चारही दिशांना अचूक. आणि त्यांचा चेहरा खुलला. अख्ख्या तपासणीत पहिल्यांदा. मला वाटलं, बाईला बोटंही दिसत नाहीत आणि यांना आनंद कसला? तर आनंद असा, की गढूळ भिंगाच्या पलीकडे डोळ्याचा पडदा जागा आहे. उजेड कुठून आला ते तो अजून ओळखतो आहे. भिंग बदललं की दिसेल, अशी आशा धरायला जागा आहे. दिशा चुकल्या असत्या तर आत आणखी काहीतरी बिघडलेलं असण्याची भीती. तक्त्यातल्या आठ ओळींपेक्षा ही अंधारातली चार उत्तरं मला जास्त सुंदर वाटली. अक्षर नाही, आकार नाही, वाचन म्हणजे फक्त उजेडाची दिशा.

मराठीत डोळे येतात तोही आजार आणि जातात तोही. मध्ये वडस वाढतो, खुपऱ्या होतात, रांजणवाडी उठते, फूल पडतं. फूल या शब्दाशी मात्र माझं जमत नाही. धानाच्या कापणीत, चुरण्यात, लोंबीचं कुसळ किंवा पात्याची कड बुबुळाला लागते. जखम केसाएवढी, पण पाल्याबरोबर बुरशी आत जाते, आणि ती धरली की हटता हटत नाही. नाटामायसिनचे थेंब तासातासाला, आठवडेच्या आठवडे घालावे लागतात. उशीर झाला तर बुबुळावर कायमचा पांढरा डाग. त्याला फूल म्हणायचं. त्या दिवशी रांगेत असा एकजण होता. तो तक्ता वाचताना मान वाकडी करायचा, हनुवटी खांद्याशी न्यायचा. डागाच्या कडेनं जी फट उरली होती तिच्यातून तो अक्षर गाठत होता. ६/१८ पर्यंत आला. कागदावर ६/१८ एवढंच लिहिलं जातं. मानेची ती वेलांटी कुठं लिहायची सोय नाही.

तक्त्याच्या उणिवा त्यामुळे लपवू नयेत. साठवरून एकदम छत्तीसवर उडी, तीही मोठी, आणि खाली सहावरून पाचवर चिमुकली. वरचं अक्षर एकटं ऐसपैस उभं, खालची गर्दीत. आळशी डोळ्याचं मूल एकटं अक्षर सहज ओळखतं आणि गर्दीत अडखळतं, म्हणजे वरच्या ओळी त्याला फसव्या कौतुकाच्या. १९७६ मध्ये मेलबर्नला बेली आणि लव्ही या दोघांनी प्रत्येक ओळीत पाचच अक्षरं, ओळीओळीतलं अंतर प्रमाणात आणि उतरण एकसारखी, असा तक्ता केला. संशोधनात आता तोच. अधिक न्यायी आहे यात वाद नाही. व्ही आकाराचा तो कागद मला जरा रुक्ष वाटतो, पण हे माझं झालं.

खरी उणीव दुसरीच, आणि ती कुठल्याच तक्त्यानं भरून निघत नाही. तक्ता फक्त मधोमध बघतो. काचबिंदूत नजर कडेनं खाल्ली जाते. माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, शेजारून येणारी मोटारसायकल त्याला कळत नाही, आणि तरी खुर्चीवर बसून तो सहाची ओळ घडाघडा वाचतो. मधलं शेवटपर्यंत शाबूत असतं. अशा माणसाला तक्ता शंभर गुण देऊन घरी पाठवतो. म्हणून जाणते तपासणारे तक्त्यावर थांबत नाहीत. डोळ्यातला दाब मोजतात, बाहुली मोठी करून आतल्या नसेचं टोक बघतात. शिवाय ६/६ म्हणजे परिपूर्ण नव्हे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. स्नेलेननं पट्टी जरा सैलच धरली होती. तरुण, निरोगी डोळे पाचची ओळसुद्धा वाचतात. सहाची ओळ खालून दुसरी आहे, शेवटची नाही.

जवळच्या वाचनाचं कार्ड हातात देतात, त्याबद्दल थोडंच. तिथं यागरची परंपरा अजून चालते, म्हणजे वाक्यं असतात. एन ६, एन ८ असे आकडे. एन म्हणजे निअर, आणि आकडा छापखान्यातल्या पॉइंटाचा, म्हणजे हे माप सरळ छपाईच्या दुनियेतून आलेलं. आपल्या भाषेनं वयाला आणि चष्म्याला एकच शब्द दिला, चाळिशी. इतकं सरळ निदान दुसऱ्या भाषेत असेल तर मला दाखवा. गोंदियाकडे हे कार्ड खरं तर विडीचं आहे. तेंदूच्या पानाची गुंडाळी, वर दोऱ्याचा वेढा, दिवसभर, एका हाताच्या अंतरावर. तांदळातला खडा निवडणं, सुईत दोरा ओवणं, त्याच अंतरावरचं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन पाहिला होता, त्या चाचणीचे निकाल २०१८ मध्ये आले: चष्मा न दिलेल्यांच्या तुलनेत पानांची तोड वीस टक्क्यांहून जास्त वाढली. विडीवाल्या बायकांना हे सांगितलं तर त्या विचारतील, यात नवीन काय?

मामीच्या डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. बुबुळाच्या कडेशी बोगद्यासारखी तिरकी चीर, गढूळ भिंग त्यातून बाहेर, कृत्रिम भिंग आत, आणि चीर अशी की टाका न घालता स्वतःच मिटते. माझ्या आजोबांच्या वेळी आत भिंग बसवत नसत. त्यांना दहा नंबरचा चष्मा होता, बाटलीच्या बुडासारखा, त्यातून त्यांचे डोळे बशीएवढे दिसायचे आणि जिन्याची पायरी त्यांना कायम चुकायची. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यानं १९४९ मध्ये पहिलं भिंग बसवलं. ते इथल्या आजीला परवडायला १९९२ उजाडावं लागलं, मदुराईच्या ऑरोलॅबनं स्वस्त भिंगं करायला घेतली तेव्हा.

दीड महिन्यानं चष्म्याच्या नंबरासाठी पुन्हा त्याच व्हरांड्यात. पुन्हा रांग, पुन्हा छडी. मामीनं सांगितल्याशिवाय उजवा डोळा तळव्यानं झाकला. वरचं अक्षर तिनं विचारायच्या आत सांगून टाकलं, जरा रागानंच. चौकटीत भिंगं पडली, टक, टक. तिसऱ्या ओळीशी छडी मुद्दाम उलट्या बाजूनं आली.

"थ," मामी म्हणाली. "गाठ हाये त्याले."

मग अठरा, मग बारा. नऊच्या ओळीत ण ला न म्हणाली. छडी पुढे गेली. सहाच्या ओळीत दोन सांगितली, एका ठिकाणी अडली, एक सोडलं. कागदावर ६/६ पी पडलं. छडीवाले कागद घडी करायला लागले, तरी मामी खुर्चीतच. ती तक्त्याच्या पार तळाशी बघत होती, पाचच्या ओळीच्याही खाली, जिथं एक बारीक ओळ छापलेली होती. आकडा नसलेली, कुणीच कधी विचारत नाही ती.

"त्याच्या खाली काय लिहिलं हाये जी? बारीक?"

छडीवाल्यांनी वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांना तो प्रश्न कुणी केला नसावा. ते तक्त्यापाशी गेले, वाकले, परत सरळ झाले, खिशातून आपली चाळिशी काढली, नाकावर ठेवली आणि पुन्हा वाकले.

"हा तक्ता सहा मीटर अंतरावरून वाचावा," त्यांनी वाचून दाखवलं.

"मंग पयलेच सांगाचं ना," मामी म्हणाली आणि उठली.